तीन नंबरचा चार्ट

चार दिवसांचा कोर्स करून मी अंधेरीहून घाटकोपरला परत आलो, तेव्हा दिसेल ते मोजावं असं मला झालं होतं. पहिला बळी गेला बायकोच्या पोळ्यांचा. संध्याकाळी तव्यावरून उतरलेल्या पोळ्यांतल्या पाच मी ओळीनं मांडायचो, मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून रुंदी घ्यायचो, सरासरी काढायचो आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक ठिपका द्यायचो. दोन आठवड्यांनी मी जाहीर केलं, "तुझी प्रक्रिया नियंत्रणात आहे. फक्त गुरुवारी जरा ढळते."

"गुरुवारी पाणी लवकर जातं," बायको म्हणाली. "आणि उद्यापासून भात करणाराय. दाणे मोज."

हे मी बारशा-मुंजीत पुष्कळदा सांगितलंय आणि लोक हसलेत. तोच तक्ता घेऊन मी कारखान्यात गेलो आणि तिथं काय केलं, ते मात्र सांगायचं टाळत आलोय.

आमचा कारखाना मुलुंडला, आग्रा रोडला लागून. स्कूटरच्या इंजिनात एक पोलादी पिन असते, करंगळीएवढी. ती आम्ही घासून गुळगुळीत करायचो. घासायची चार मशीनं होती आणि त्यांना नुसते नंबर होते. एक, दोन, तीन, चार. तीन नंबरवर एकोणीस वर्षं एकच माणूस होता, तो म्हणजे बायकोचा सख्खा मामा. मालवणकडचा, भांडुपला राहणारा. लग्न झालं तेव्हा मी बी.एस्सी. होऊन एका क्लासात गणितं शिकवत होतो, म्हणजे जवळजवळ बेकारच होतो. मामांनी तेव्हाच्या मॅनेजरला सांगितलं, "जावय शिकलेलो हा, मोजमापाक बरो," आणि मला तपासनीस म्हणून चिकटवलं. तेव्हा कारखान्यात मी जो कोणी होतो तो मामांमुळे. ते मला घरी आणि कारखान्यात, चारचौघांत, अरेतुरे करायचे. मी त्यांना अहोजाहो. त्यात दोघांनाही काही वाटायचं नाही.

मामांना रिटायर व्हायला दीड वर्ष उरलं होतं. आता त्यांना कंपनीकडून काही नको होतं. बढती नको, घड्याळ नको. "ह्याच मशीनार माका रिटायर होवचां आसा," एवढं ते म्हणायचे. मशीन जुनं होतं, पण ते कुठल्या दिवशी कसं वागेल हे त्यांना आवाजावरून कळायचं. सकाळी ते सुरू केल्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहून ऐकायचे.

मला कोर्सला पाठवलं ते आमच्या पुण्याच्या गिऱ्हाइकामुळे. स्कूटर बनवणाऱ्या त्या कंपनीनं पत्र धाडलं होतं की इथून पुढे नुसत्या पिना नकोत, प्रत्येक मशीनचा कंट्रोल चार्ट पण हवा. आमच्या साहेबांना, म्हणजे वर्क्स मॅनेजरना, त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण मी बी.एस्सी. होतो.

परत आल्यावर मी चारही मशीनशेजारी पुठ्ठ्याचे बोर्ड टांगले आणि माणसांना जमवून भाषण ठोकलं. दर तासाला पाच पिना मोजायच्या. त्यांची सरासरी काढून ठिपका द्यायचा. कागदावर तीन रेघा आहेत. मधली म्हणजे मशीनची नेहमीची चाल. वरची आणि खालची म्हणजे नेहमीच्या मागेपुढे होण्याची हद्द. "आपली घाटकोपरची बस रोज पाच-सात मिनिटं इकडेतिकडे होते. त्याचं आपण काही मनावर घेत नाही. ती अर्धा तास आलीच नाही, की समजायचं पुढं काहीतरी झालंय. तसंच हे. ठिपका रेघेबाहेर गेला म्हणजे पिन खराब झाली असं नाही. पिनेची हद्द ड्रॉइंगवर असते, ती वेगळी. ठिपका एवढंच सांगतो, की मशीनमध्ये काहीतरी नवीन घडतंय, बघा."

माणसं माझ्याकडे नुसती बघत होती. मामा म्हणाले, "म्हणजे रोजचो खोकलो वेगळो नि तापाचो खोकलो वेगळो. असांच ना रे?"

चार दिवस आणि एक फाइलभर कागद लागले होते मला तेवढं समजायला. मी म्हटलं, "असंच."

"आणि बाहेर गेलो ठिपको, तर?"

"तर कोणी कोणाला काही बोलणार नाही. हा माझा शब्द."

हा शब्द द्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं. तो द्यायचा अधिकारही मला नव्हता. पण भाषण रंगलं होतं.

नंतर आणखी एक कल्पना मला सुचली. महिन्यातल्या सगळ्यात चांगल्या चार्टला बक्षीस द्यायचं, स्टीलचा तीन पुडांचा डबा. साहेबांना ती फारच आवडली. कोर्समध्ये असं करू नका म्हणून सांगितलंही असेल, पण दुपारच्या जेवणात फ्रूट सॅलड असायचं आणि त्यानंतरच्या तासाचं मला फारसं आठवत नाही.

पहिला डबा एक नंबरला गेला, दुसरा चारला, तिसरा दोनला. तिघांचे चार्ट काय सुरेख! ठिपके मधल्या रेघेला धरून, जसे काही सुईत ओवलेले. मी ते साहेबांना दाखवले, साहेबांनी शेठना दाखवले. तीन नंबरचा चार्ट मात्र कोणाला दाखवण्यासारखा नव्हता. सकाळी ठिपके ठीक असायचे. बारा वाजून गेले की ते वर सरकायला लागायचे, आणि तीनच्या सुमाराला एखादा रेघेबाहेर. मामा तो ठळक काढायचे, शेजारी वेळ लिहायचे.

"बेअरिंग गेला," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "दुपारी गरम झाला काय सैल पडता. आवाज येता बघ." मी कान लावला. मला चार मशीनांचा मिळून एकच आवाज ऐकू आला. पण चार्ट आणि मामा एकच गोष्ट सांगत होते, आणि मला फार आनंद झाला. कोर्समधल्यासारखंच घडत होतं! मी बेअरिंगसाठी लेखी मागणी दिली. ते बेअरिंग बाहेरदेशाहून यायचं. साहेबांनी कागद ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "पिना पास होतायत ना? मग मशीन कशाला थांबवतोस?"

दसऱ्याला मशीनं धुऊनपुसून पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचे हार. मामांनी चार्टलाही कुंकू लावलं, तेही नेमकं बाहेर गेलेल्या एका ठिपक्यावर. साहेब म्हणाले, "अहो, त्याला कशाला?" मामा म्हणाले, "तोच एक बोलता, साहेब. बाकीचे गप आसत." सगळे हसले. मीही हसलो. त्या वाक्याकडे तेव्हाच नीट लक्ष दिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

दिवाळीनंतर पुण्याची माणसं कारखाना बघायला येणार असं ठरलं. शनिवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर चारही चार्ट पसरले होते.

"हे तीन चांगले. हा असा का?"

"सर, ते बेअरिंग..."

"बेअरिंग, बेअरिंग. मशीनं चारही एकाच वर्षी घेतलीयत. तीन माणसांना जमतं, एकाला जमत नाही, याचा अर्थ काय? तुझाच चार्ट सांगतोय. म्हाताऱ्याचा हात गेला. पुण्याची माणसं येण्याच्या आत हा चार्ट आत यायला पाहिजे. नाहीतर त्याला मी पॅकिंगला टाकतो."

रविवारी मी एकटाच भांडुपला गेलो. मामा दारात बसून सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, निवडत होते. मामीनं चहा दिला. मी हवापाण्यावर बोललो, पोरीच्या शाळेवर बोललो. शेवटी मामाच म्हणाले, "इलंस कित्याक तां सांग."

मी म्हटलं, "मामा, ते ठिपके... थोडे आत काढलेत तर?"

त्यांचा हात थांबला. "ह्यां तुका कोर्सात शिकवल्यानी?"

"नाही."

"मगे?"

"साहेब तुम्हाला तीन नंबरवरून काढणार आहेत. पॅकिंगला."

"कित्याक? पिना खराब गेल्यो?"

"नाही."

"एक तरी परत इली?"

"नाही, मामा. चार्ट तसा दिसतो म्हणून."

"चार्टात बेअरिंग दिसता."

"मला माहीत आहे."

"तुका माहीत आसा," मामा म्हणाले. ते रागावले नव्हते. एखादं कुलूप कसं उघडतं ते दाखवावं तसे बोलत होते. "तुका माहीत आसा, तर तू सांग ना तेंका. मी खोटां लिवचंय नाय. खरां लिवा म्हणान तू सांगलंस, म्हणान मी लिवतंय. तुझ्या भरोशार लिवतंय."

मी म्हटलं, "सांगतो." चहा गार झाला होता, तो तसाच प्यायलो.

सोमवारी मी खरोखरच कामाला लागलो. माझ्या मनात असं, की बाकीच्या तीन मशीनांवर इतकं चांगलं काय चाललंय ते दाखवलं की मामांच्या मशीनचा दोष आपोआप वेगळा दिसेल. अडीचच्या सुमाराला एक नंबरवर गेलो. तिथला माणूस पूर्वी परळला गिरणीत साचेवाला, म्हणजे माग चालवणारा होता, संपात नोकरी गेल्यावर इकडे आलेला. मी चार्ट बघितला. पाच वाजेपर्यंतचे ठिपके काढून झाले होते.

"हे काय? आता अडीच वाजलेत."

तो दचकलासुद्धा नाही. "साहेब, पाच पिना मोजून गणित करायला दहा मिनटं जातात. तासाला दहा मिनटं. मग प्रॉडक्शन कोण देणार, तुमचा चार्ट?"

"सगळे असंच करतात?"

"तीन नंबर सोडून." मग तो जरा हसला. "म्हातारा एकदम सरळ आहे ना यार. आम्ही त्याला सांगितलं पण."

"अहो, पण ठिपका बाहेर गेला तरी कोणी काही बोलणार नाही, असं मी सांगितलं होतं."

"गिरणीत पण सांगितलं होतं, संप दोन महिन्यांत मिटेल." त्यानं हात पुसले. "तुमचा शब्द आहे हो. पण तुम्ही कोण? वाट लागायची ती आमचीच लागणार ना?"

मी त्याच्या ट्रेमधून पंचवीस पिना उचलल्या आणि सुटी झाल्यावर टेबलाशी बसून एकेक मोजली, पाच-पाचांच्या सरासऱ्या काढल्या. आकडे चार्टवरच्या कुठल्याच ठिपक्याशी जुळत नव्हते. मागेपुढे इतके, की मामांच्या मशीनपेक्षा एक नंबरची तब्येत जास्त वाईट होती. मग आठवलं. कोर्सच्या तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले होते, की ठिपके मधल्या रेघेला फार चिकटून राहिले तर तेही संशयास्पद समजा, कारण कुठलंच मशीन इतकं सज्जन नसतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. खाली दोन रेघाही मारल्या होत्या. आणि त्याच चिकटलेल्या ठिपक्यांना मी तीन महिने स्टीलचे डबे वाटत होतो.

ते पंचवीस आकडे मी एका कागदावर नीट लिहिले, शेजारी चार्टवरचे खोटे आकडे लिहिले, आणि मंगळवारी सकाळी कागद शर्टाच्या खिशात घालून केबिनमध्ये गेलो. मामांचं मशीन वाचवायला तो कागद पुरेसा होता. मला अजूनही तसंच वाटतं.

साहेब म्हणाले, "ये, बस. तुझं नाव मी वर पाठवलंय. क्वालिटी सेक्शनला हेड पाहिजे. पुण्याच्या लोकांना चार्ट पसंत पडले की तुझी ऑर्डर काढू. तू काय म्हणत होतास?"

मी काय म्हणत होतो? हे तीन चार्ट खोटे आहेत, ते खोटे व्हावेत अशी सोय मीच केली आणि ते मला ओळखता आले नाहीत, हे म्हणायला मी आलो होतो. मी म्हटलं, "काही नाही सर. पुण्याची माणसं किती वाजता येणार ते विचारायचं होतं."

पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो, की तोंड उघडलं असतं तर त्या तिघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, आणि गिरणीतून एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा रस्त्यावर कसं आणायचं? हे कारण चांगलं आहे. त्यात एवढंच खोटं आहे, की केबिनमध्ये त्या क्षणी मला त्या तिघांपैकी एकाचंही तोंड आठवलं नव्हतं. डोळ्यांपुढे होती ती हेडच्या दाराबाहेरची, माझ्या नावाची पाटी. कागद खिशातच राहिला आणि शर्टाबरोबर धुतला गेला. बायकोनं लगदा दाखवून विचारलं, "कामाचा होता का?" मी नाही म्हटलं.

बुधवारी मामांना पॅकिंगला पाठवलं. पिना तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात रचायच्या. ते सांगायला साहेबांनी मलाच धाडलं. मामांनी ऐकून घेतलं, मशीन बंद केलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "सांगलंस तेंका?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच ठरवता आलं नव्हतं. त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं.

तीन नंबरवर दुसऱ्या खात्यातला एकजण आला. बेअरिंग तेच. पहिल्या दिवसापासून ठिपके मधल्या रेघेवर. पुण्याची माणसं आली, चार्टसमोर उभी राहून चहा प्यायली, फार सुंदर म्हणाली. त्या महिन्याचा डबा तीन नंबरला मिळाला. मीच दिला. माझी ऑर्डर निघाली आणि मला काचेची केबिन मिळाली, जिथून पॅकिंगचं टेबल सरळ समोर दिसायचं.

चार महिन्यांनी बेअरिंग आलं आणि बसवलं. मी साहेबांना जरा चाचरत म्हटलं, की आता मामांना परत मशीनवर घेता येईल. ते म्हणाले, "चार्ट उत्तम चाललाय, कशाला हात लावतोस?" बोलणं बरोबर होतं. माझ्याच शाळेत शिकलेले होते ते.

तरी मी पॅकिंगला गेलो. काहीतरी चांगली बातमी द्यावी असं वाटत होतं.

"मामा, बेअरिंग बदललं. मशीन आता छान चालतंय."

"बरां झालां." त्यांचे हात कागद गुंडाळतच होते. "ठिपके आत येतत?"

"हो."

"आदीपण आतच होते मा? तुमीच बक्षीस दिलात."

त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पण ते तुमी म्हणाले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा. पुढे घरी गणपतीला आले तेव्हाही तुमी, मुलीच्या वाढदिवसालाही तुमी. बायको एकदा म्हणाली, "मामा हल्ली तुला किती मान देतो!" मी म्हटलं, "हेड झालोय ना."

वर्षभरानं मामा रिटायर झाले. आमच्याकडे रीत अशी, की शेवटच्या दिवशी माणसाला त्याच्या मशीनपाशी न्यायचं, हार घालायचा, मशीन त्याच्या हातानं एकदा चालवायचं आणि तिथंच नारळ फोडायचा. पॅकिंगमधून कोणी याआधी रिटायर झालं नव्हतं. माणसं माझ्याकडे बघायला लागली. हेड म्हणून ठरवायचं मी होतो. एक नंबरवरचा तो साचेवाला हळूच म्हणाला, "साहेब, तीन नंबरला नेऊ या ना. पाच मिनटं मशीन बंद राहिलं तर काय होतंय?"

काहीच होणार नव्हतं. पण साहेब हातात घड्याळाचा खोका घेऊन पॅकिंगच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते, आणि त्यांना चार पावलं पलीकडे चला म्हणायचं म्हणजे का चला तेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "इथंच उरकू."

मी भाषण वाचलं. टायपिस्टनं रजिस्टर बघून तयार केलेलं होतं, त्यात 'पॅकिंग विभागातील आमचे ज्येष्ठ सहकारी' असं होतं. वाचताना ते बदलता आलं असतं; मला वाचता येत होतं आणि बदलताही येत होतं. मामांनी नारळ टेबलाच्या लोखंडी कडेवर फोडला. पाणी खोक्यांवर सांडलं, तर त्यांनीच फडकं घेऊन पुसलं. मग खोबरं सगळ्यांना वाटलं. तीन नंबरवाल्याला जरा मोठा तुकडा दिला आणि त्याला म्हणाले, "दुपारी एकदा हात लावन बघ तेका. गरम लागला तर सांग कोणाक तरी."

मला दिला तेव्हा म्हणाले, "घेवा, साहेब."

चार वाजता ते भांडुपच्या बसला गेले. मी फाटकापर्यंत पोचवायला गेलो नाही, कारण आठवड्याचे चार्ट टेबलावर येऊन पडले होते आणि शनिवारी त्यांवर हेडची सही लागते. चारही मशीनचे सगळे ठिपके आत होते. मी चार सह्या केल्या आणि खाली तारीख घातली.